‘अमेरिका तर ख्रिस्ती राष्ट्रच आहे’ : त्या फॉरवर्डला माझं उत्तर

माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या आतेभावानं, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, गेल्या आठवड्यात एक लांबलचक मजकूर टाकला. पाठोपाठ तोच मजकूर शाळेच्या मैत्रिणींकडून आला, मग इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरूनही आला. थोडक्यात तो असा:

‘अमेरिका स्वतःला सेक्युलर म्हणवत नाही. चर्च आणि राज्य वेगळे, असे शब्दच तिच्या राज्यघटनेत नाहीत. जेफरसनच्या एका खासगी पत्रातून ते उचलून १९४७ साली न्यायाधीशांनी घुसवले. देश घडवणारे सगळे ख्रिस्ती होते. नोटेवर देवाचं नाव, राष्ट्राध्यक्षांचा हात बायबलवर, सुप्रीम कोर्टाच्या भिंतीवर मोझेस. १९६२ मध्ये मूठभर नास्तिकांनी शाळेतून देवाला हाकललं, आता मुलांना प्रार्थनाही करता येत नाही. तिथले हिंदू हे ख्रिस्ती देशातले पाहुणे आहेत आणि ते पाहुण्यासारखे राहतात. मग सेक्युलरपणाचं ओझं आपणच का वाहायचं?’

दादाशी मी फोनवर बोलले, पण अशा गोष्टी फोनवर उरकत नाहीत. न्यू जर्सीत मी २२ वर्षं राहते आहे, माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळांत शिकली, त्यामुळे हा विषय माझ्या घरातला आहे. भारतानं काय करावं याचा वाद भारतातल्या कारणांवर जरूर व्हावा. पण त्यासाठी अमेरिकेची साक्ष काढायची तर ती खरी काढावी. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘राज्यघटनेत ते शब्दच नाहीत’

नाहीत, हे खरं. ‘सत्तांचं विभाजन’ हे शब्दही त्या घटनेत नाहीत, म्हणून तिथे राष्ट्राध्यक्ष, संसद आणि न्यायालय एकच आहेत असं कोणी म्हणत नाही. आपल्याकडे ‘सेक्युलर’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आला, पण धर्मस्वातंत्र्याची २५ ते २८ ही कलमं १९५० पासून होतीच. घटना वाचायची ती कलमांतून.

तर कलमं बघू. १७८७ च्या मूळ घटनेत ख्रिस्ताचं, बायबलचं किंवा ख्रिस्ती धर्माचं नाव एकदाही येत नाही. अगदी शोधायचंच तर शेवटी तारीख घालताना ‘प्रभूचं वर्ष’ असा त्या काळच्या रिवाजाचा शब्दप्रयोग सापडतो, बाकी काही नाही. उलट सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट कधीही घातली जाणार नाही. ‘कधीही’ हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. त्या वेळी बहुतेक राज्यांत अशा अटी होत्या, म्हणजे हे कलम लिहिणाऱ्यांना आपण काय मोडतो आहोत ते नीट ठाऊक होतं.

वाचणाऱ्यांनाही ठाऊक होतं. जुलै १७८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ही घटना स्वीकारायची की नाही यावर सभा बसली. तिथे हेन्री ॲबट या सदस्यानं लोकांची भीती बोलून दाखवली: अट नसेल तर मूर्तिपूजक आणि मुसलमानसुद्धा पदांवर बसतील, सिनेटरही सगळे मूर्तिपूजक असू शकतील. त्याला उत्तर दिलं जेम्स आयर्डेल यांनी, जे पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांनी विचारलं, ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण स्वतः एवढे भांडतो आहोत, ते न मोडता माणसांच्या एखाद्या गटाला बाहेर ठेवायचं कसं? ही चर्चा सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. आज बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून जाऊ शकले ते याच कलमाच्या जोरावर.

१७९१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली: काँग्रेस कोणत्याही धर्माची सरकारी प्रतिष्ठापना करणारा कायदा करणार नाही आणि कोणाच्या धर्माचरणाला मनाईही करणार नाही. चर्च आणि राज्य यांच्या ‘फारकती’चा अर्थ या दोन वाक्यांशांत आहे. सरकारनं देव्हारा मांडायचा नाही आणि कोणाचा उचलायचाही नाही.

घटना मुळात ख्रिस्तीच होती असं म्हणणाऱ्यांनी पुढचा इतिहासही बघावा. १८६१ मध्ये गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांनी स्वतःची घटना लिहिली तेव्हा उद्देशिकेत सर्वशक्तिमान ईश्वराची कृपा मागणारे शब्द मुद्दाम घातले, कारण मूळ उद्देशिकेत ते नव्हते. उत्तरेतल्या काही प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांनाही ही उणीव बोचत होती. १८६४ मध्ये त्यांनी उद्देशिकेत येशू ख्रिस्ताचं सार्वभौमत्व मान्य करणारी दुरुस्ती मागितली. ती कधीच झाली नाही. जे आधीपासून असतं ते घालून द्या म्हणून कोणी अर्ज करत नाही.

‘१९४७ साली न्यायाधीशांनी घुसवलं’

तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं ते पत्र सुप्रीम कोर्टानं निकालात उद्धृत केलं ते १८७९ मध्ये, मॉर्मन पंथातल्या बहुपत्नीत्वाच्या खटल्यात. १९४७ चा निकाल त्यानंतर ६८ वर्षांनी आला. तो आमच्याच न्यू जर्सीतला, युइंग नावाच्या गावातला. कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांचं बसभाडं सरकारी तिजोरीतून द्यावं का, असा प्रश्न होता. न्यायाधीश ह्यूगो ब्लॅक यांनी चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत उंच आणि अभेद्य राहिली पाहिजे असं लिहिलं आणि त्याच निकालात, पाच विरुद्ध चार मतांनी, बसभाडं द्यायला परवानगी दिली. ज्या निकालाला फॉरवर्डवाले धर्मद्वेष्टा म्हणतात त्यात कॅथलिक पालक जिंकले आहेत. हे त्यांनी वाचलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची आहे आणि ती लपवू नये. पहिली दुरुस्ती सुरुवातीला फक्त केंद्राला लागू होती. कनेक्टिकटमध्ये १८१८ पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत सरकारी पाठबळाचे पंथ होते. ते त्या त्या राज्यांनी आपणहून मोडीत काढले. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे विसाव्या शतकात न्यायालयानं हे बंधन राज्यांवरही आणलं. हा प्रवास लांबचा होता. पण त्याला ‘घुसवणं’ म्हणत नाहीत.

‘जेफरसनचं एक खासगी पत्र’

या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण खरी गोष्ट इथे आहे आणि ती आपल्या लोकांना कोणी सांगत नाही.

ते पत्र खासगी नव्हतं. राष्ट्राध्यक्षांनी एका संघटनेच्या निवेदनाला दिलेलं ते उत्तर होतं, आणि पाठवण्याआधी जेफरसननी त्याचा मसुदा ॲटर्नी जनरल आणि पोस्टमास्टर जनरल या दोघांना दाखवला होता. निवेदन कोणाचं? नास्तिकांचं नव्हे. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांचं, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचं. त्या राज्यात काँग्रिगेशनल पंथ सरकारमान्य होता आणि त्याच्यासाठी कर गोळा होई. बॅप्टिस्ट माणसाला त्यातून सूट हवी असेल तर आपण दुसऱ्या पंथाचे आहोत असा दाखला द्यावा लागे. हे लोक दिवसरात्र बायबल वाचणारे, नदीत उभं राहून बाप्तिस्मा घेणारे. ऑक्टोबर १८०१ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलं की आम्हाला जी काही धर्माची मोकळीक आहे ती मेहेरबानी म्हणून मिळते, हिरावून न घेता येणारा हक्क म्हणून नाही. १ जानेवारी १८०२ ला जेफरसननी उत्तर दिलं आणि त्यात पहिल्या दुरुस्तीनं चर्च आणि राज्य यांच्यामध्ये ‘फारकतीची भिंत’ उभी केली आहे असे शब्द लिहिले.

त्याच दिवशी आणखी एक प्रसंग घडला. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या शेतकऱ्यांनी जेफरसनसाठी चीजचा एक अजस्र गोळा बनवला होता, १,२३५ पौंडांचा, म्हणजे साडेपाचशे किलोहून जास्त. तो घेऊन गावचे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन लेलँड वॉशिंग्टनला आले आणि १ जानेवारीलाच त्यांनी तो राष्ट्राध्यक्षांच्या स्वाधीन केला. एका उपदेशकानं गावाची भेट एवढ्या लांब का वाहून आणावी? कारण मॅसॅच्युसेट्समध्येही बॅप्टिस्टांची तीच गत होती, आणि ज्यानं व्हर्जिनियात सरकारी पंथाचा कणा मोडला तो माणूस आता राष्ट्राध्यक्ष झाला होता. दोन दिवसांनी लेलँडनी प्रतिनिधीगृहाच्या सभागृहात प्रवचन केलं आणि जेफरसन ते ऐकायला बसले. फॉरवर्डची दुसरी एक आवृत्ती मला आली तिच्यात हा प्रसंग ‘जेफरसन संसदेत चर्चला जात’ म्हणून दिला होता. गेले होते, खरंच. त्या प्रवचनाला हजेरी सक्तीची नव्हती, त्यासाठी कोणाकडून कर घेतला नव्हता, आणि प्रवचन करणारा माणूस त्या भिंतीचा सगळ्यात कडवा पाठीराखा होता.

व्हर्जिनियाचंही सांगते. तिथे इंग्लंडचा अँग्लिकन पंथ राज्याचा पंथ होता. परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकत. कल्पेपरच्या तुरुंगात एक उपदेशक गजांच्या आतून प्रवचन करी आणि लोक बाहेर उभे राहून ऐकत. जानेवारी १७७४ मध्ये २२ वर्षांच्या जेम्स मॅडिसननी एका मित्राला संतापून लिहिलं की शेजारच्या परगण्यात पाच-सहा भल्या माणसांना केवळ धर्ममतांपायी कोंडलंय. हाच मुलगा पुढे राज्यघटनेचा मुख्य शिल्पकार झाला.

१७८४ मध्ये पॅट्रिक हेन्रींनी व्हर्जिनियाच्या विधिमंडळात ख्रिस्ती शिक्षकांच्या पगारासाठी कर बसवणारं विधेयक आणलं. आपला पैसा कोणत्या पंथाला जावा ते करदात्यानं सांगायचं, इतकं ते सौम्य होतं. मॅडिसन तरीही आडवे आले. त्यांचा युक्तिवाद मला आजही थक्क करतो: जे सरकार इतर धर्म वगळून ख्रिस्ती धर्माला गादीवर बसवू शकतं, ते तितक्याच सहज इतर पंथ वगळून ख्रिस्ती धर्मातल्या एकाच पंथाला बसवू शकेल. आणि जे आज तीन पेन्स घेतं, ते उद्या कशालाही भाग पाडेल. विधेयक पडलं. त्याच्या जागी १६ जानेवारी १७८६ ला जेफरसननी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला.

आता दादानं हा भाग नीट वाचावा. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालावं अशी दुरुस्ती सुचवली गेली होती. मोठ्या बहुमतानं ती फेटाळली गेली. जेफरसननी म्हातारपणी आपल्या आठवणींत याची नोंद केली आणि कारणही दिलं: या कायद्याच्या छत्राखाली ज्यू आणि बिगरज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, हिंदू आणि कोणताच धर्म न मानणारे, सगळे यावेत हीच सभागृहाची इच्छा होती. हिंदू. त्यांनी नाव घेऊन लिहिलंय. तेव्हा व्हर्जिनियात देऊळ सोडा, हिंदू शोधूनही सापडला नसता.

भिंतीची उपमाही जेफरसनच्या आधीची. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी ज्यांना हाकललं आणि ज्यांनी १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं, त्या रॉजर विल्यम्स या उपदेशकानं १६४४ मध्ये लिहिलं होतं की चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामध्ये कुंपण हवं, नाहीतर बागेचं रान होतं. सरकारच्या हाती गेलेला धर्म बाटतो, ही त्या श्रद्धाळू माणसाची धास्ती होती.

‘देश घडवणारे सगळे ख्रिस्ती होते’

बहुतेक जण चर्चमध्ये वाढलेले होते, काही अतिशय भाविक होते, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत एक धर्मोपदेशकही होता. पण जेफरसननी बायबलच्या नव्या करारातले चमत्कार वस्तऱ्यानं कापून काढून येशूची शिकवण तेवढी वेगळी चिकटवली होती; ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. माणसं कोणत्या धर्माची होती आणि त्यांनी सरकार कोणत्या धर्माचं केलं, हे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेल्या तहाच्या अकराव्या कलमात म्हटलं होतं की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थानं ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही. जून १७९७ मध्ये सिनेटनं तो तह एकमतानं मंजूर केला आणि राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सनी त्यावर सही केली. हे कलम अरबी प्रतीत नव्हतं, असा आक्षेप घेतात. नव्हतं. पण सिनेटरांच्या हातात इंग्रजी प्रत होती, आणि तीत ते होतं.

‘नोटेवर देव, हात बायबलवर, भिंतीवर मोझेस’

‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे शब्द नाण्यावर पहिल्यांदा आले १८६४ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना. कागदी नोटांवर १९५७ मध्ये. राष्ट्रीय बोधवाक्य म्हणून १९५६ मध्ये. देश घडवणाऱ्यांनी १७८२ मध्ये राजमुद्रेवर घातलेलं वाक्य वेगळं होतं, ‘अनेकांतून एक’ अशा अर्थाचं, लॅटिनमधलं. शाळेत मुलं छातीवर हात ठेवून म्हणतात त्या प्रतिज्ञेतले ‘अंडर गॉड’ हे शब्दही १९५४ चे. १८९२ मध्ये ती प्रतिज्ञा लिहिणारे फ्रान्सिस बेलामी स्वतः बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि त्यांनी त्यात देवाचं नाव घातलं नव्हतं. १९५० च्या दशकात निरीश्वरवादी सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू होतं, त्या भरात ही भर पडली. आणि नाण्यावरच्या देवाला सगळ्यात ठाम विरोध कोणी केला? राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी, १९०७ मध्ये. देवाचं नाव पैशावर घालणं ही त्यांना देवाचीच विटंबना वाटत होती. त्यांचं चाललं नाही, पुढच्याच वर्षी काँग्रेसनं शब्द परत आणले. न्यायालयांनीही ते चालू दिले आहेत, आणि मला विचाराल तर ती त्यांची पडखाऊ भूमिका आहे.

शपथेचं म्हणाल तर तिचे शब्द घटनेतच दिलेत. त्यात देवाचं नाव नाही, बायबलचं नाव नाही, आणि शपथ घ्यायची नसेल तर नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगायची मुभा आहे. १८५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्सनी तसंच केलं. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींच्या हत्येनंतर घाईघाईनं शपथ घेताना थिओडोर रूझवेल्टच्या हाताखाली बायबल नव्हतं, आणि ते राष्ट्राध्यक्ष झालेच. तुलसी गबार्ड यांनी २०१३ मध्ये खासदारकीच्या शपथेवेळी भगवद्गीता हाती धरली होती.

मोझेस, म्हणजे बायबलमधला दहा आज्ञा आणणारा प्रेषित, मी स्वतः पाहिला आहे, मुलांना घेऊन वॉशिंग्टनला गेले होते तेव्हा. सुप्रीम कोर्टाच्या दालनात उंचावर संगमरवरी शिल्पपट्टी आहे, जगातल्या १८ मोठ्या विधिकारांची. मोझेसच्या आधी हम्मुराबी उभा आहे. पुढे सोलन आहे, कन्फ्यूशियस आहे, समोरच्या भिंतीवर जस्टिनियन, पैगंबर मुहम्मद, नेपोलियन. फॉरवर्डमधल्या फोटोत मोझेस तेवढा कापून घेतलाय.

‘१९६२ मध्ये देवाला शाळेतून हाकललं’

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळानं एक प्रार्थना तयार केली होती. इंग्रजीत २२ शब्दांची, कोणाला खटकू नये म्हणून घासूनपुसून गुळगुळीत केलेली. लाँग आयलंडवरच्या एका गावात ती रोज सकाळी वर्गात म्हटली जाऊ लागली तेव्हा पाच कुटुंबं न्यायालयात गेली. ती सगळी नास्तिक नव्हती. त्यांत ज्यू होते, युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचे लोक होते. १९६२ मध्ये निकाल लागला, सहा विरुद्ध एक. लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी, जे एकेकाळी बॅप्टिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवत असत. गाभा एवढाच की लोकांसाठी प्रार्थना रचणं हे सरकारचं काम नाही. पुढच्या वर्षी वर्गातलं सक्तीचं बायबलवाचनही थांबलं. त्यातल्या एका दाव्यात बाल्टिमोरची एक नास्तिक आई होती, हे खरं. दुसऱ्या दाव्यातलं कुटुंब चर्चला जाणारं होतं.

सरकारी शाळेत बायबल वाचायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो: कोणाचं बायबल? १८४४ मध्ये फिलाडेल्फियात याच प्रश्नावरून दंगली झाल्या. शाळांत प्रोटेस्टंटांचं बायबल वाचलं जाई. कॅथलिक पालक आपल्या मुलांना आपलं वाचू द्या म्हणत होते. दोन कॅथलिक चर्च जळाली, किमान २० माणसं मेली. दोन्ही बाजू ख्रिस्तीच होत्या. २०२४ मध्ये लुइझियानानं प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञा लावायचा कायदा केला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तीच दंगल आली. ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या आज्ञांची गणती वेगवेगळी करतात, आणि भिंतीवर लावायला कायद्यानं एकच पाठ ठरवून दिला. केंटकीचा असाच कायदा सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये रद्द केला होता. आजचं न्यायालय तितकं कडक नाही: २०२२ मध्ये सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूनं त्यांनी निकाल दिला. भिंत काही ठिकाणी खचली आहे आणि मला त्याची काळजी वाटते.

पण ‘मुलांना प्रार्थना करता येत नाही’? माझी मुलगी पहिलीत असताना शाळेच्या जेवणघरात डबा उघडण्याआधी ‘वदनी कवळ घेता’ म्हणायची. आजीनं शिकवलेलं. हात जोडून, डोळे मिटून, ओठ हलवत. शेजारी बसणारी मुलगी छातीवर क्रूस काढून जेवायला सुरुवात करायची. दोघींना कधी कोणी अडवलं नाही, आणि कायद्यानं अडवताही आलं नसतं. मनाई होती ती शिक्षिकेला: तिनं वर्गाकडून श्लोकही म्हणून घ्यायचा नाही आणि येशूची प्रार्थनाही नाही. मी आई म्हणून त्या मनाईची किंमत जाणते. चाळीस मुलं ‘आमेन’ म्हणत असताना सहा वर्षांच्या माझ्या पोरीनं एकटीनं गप्प बसावं लागलं असतं, आणि ते धैर्य तिच्याकडून मागायचा हक्क कोणाला नव्हता.

‘हिंदू तिथे पाहुणे आहेत’

आमच्या मंडळाचा गणेशोत्सव दरवर्षी एका सरकारी शाळेच्या सभागृहात होतो. शनिवारी सकाळी आठला शाळेचा कर्मचारी दार उघडून देतो. आम्ही भाड्याचा चेक आणि विम्याचा कागद आधीच दिलेला असतो. रंगमंचावर मखर लागतं, मागे बास्केटबॉलची पाटी झाकायला पडदा. उघडी ज्योत चालत नाही म्हणून निरांजनात विजेचे दिवे. ढोल-ताशा पार्किंगमध्ये. दाराशी सभागृहाच्या आरक्षणाचा कागद लावलेला असतो: शनिवारी आम्ही, रविवारी सकाळी एक कोरियन चर्च. दर तोच, अटी त्याच.

हे आपोआप होत नाही. १९९३ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की शाळेनं आपली जागा शाळेच्या वेळेनंतर इतर संस्थांना खुली केली असेल, तर केवळ धार्मिक विचार मांडतात म्हणून कोणाला नाकारता येणार नाही. दोन्ही दावे न्यूयॉर्क राज्यातल्या ख्रिस्ती गटांनी लढवले होते. त्यांनी मिळवलेल्या निकालावर आमचा बाप्पा त्या रंगमंचावर बसतो, आणि पाहुणा म्हणून बसत नाही.

सगळ्यांना हे पटलेलं आहे असं मी म्हणत नाही. १२ जुलै २००७ ला सिनेटचं कामकाज पहिल्यांदा हिंदू प्रार्थनेनं सुरू होत होतं तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या काही ख्रिस्ती निदर्शकांनी ओरडून ती थांबवायचा प्रयत्न केला. ‘दुष्टांची प्रार्थना इथे होऊ दिल्याबद्दल देवा आम्हाला क्षमा कर’ अशा अर्थाचं ते ओरडत होते. त्यामागचा विचार दादाच्या फॉरवर्डचाच: हा ख्रिस्ती देश आहे. पोलिसांनी त्यांना बाहेर नेलं आणि प्रार्थना पूर्ण झाली. ज्या विचाराच्या जोरावर ते सिनेटमध्ये हिंदू पुजाऱ्याला गप्प करायला निघाले, तोच विचार आपण एकमेकांना हौसेनं पाठवतो आहोत, हे बघून मला फार वाईट वाटतं.

पाहुणे, मेहेरबानी, सहन करणं, ही भाषा इथल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षानंच नाकारली होती. ऑगस्ट १७९० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टननी न्यूपोर्टच्या ज्यू मंडळीला लिहिलं की एका वर्गाच्या कृपेनं दुसऱ्या वर्गाला जन्मसिद्ध हक्क भोगायला मिळतात, अशा अर्थानं आता ‘सहिष्णुते’ची गोष्ट कोणी करत नाही. हे सरकार धर्मांधतेला थारा देत नाही आणि छळाला हातभार लावत नाही.

मी नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा १०० प्रश्नांची यादी पाठ करायची होती. दहावा प्रश्न: धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय? सरकारनंच छापलेलं उत्तर: कोणताही धर्म पाळता येतो, किंवा कोणताच न पाळताही राहता येतं. शपथविधीच्या दिवशी सभागृहात कितीतरी देशांची माणसं उभी होती. शपथेचे शेवटचे शब्द ‘देवा, मला साहाय्य कर’ अशा अर्थाचे आहेत, आणि ज्यांना ते म्हणायचे नसतील त्यांनी वगळले तरी चालतात असा नियम आहे. मी ते म्हटले, मनात विठ्ठल आणून. माझ्या उजवीकडे उभे असलेले वयस्कर गृहस्थ त्या शब्दांपाशी थांबले आणि गप्प राहिले. मग आम्ही दोघं एकाच रांगेतून पुढे गेलो, आणि टेबलामागच्या बाईंनी आम्हाला सारखीच प्रमाणपत्रं दिली.